भोकाचा पैसा

"मुलीचा हात जड आहे."

ऑनलाइन पियानो शिकवणाऱ्या बाईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी ते मान्यच करून टाकलं. आमच्या घरात हात जडच. आजोबांची हयात तालमीत गेली, वडील भजनात पखवाज वाजवायचे, आणि मी पंचवीस वर्षं त्याच मंडळात पेटी वाजवतोय. लेकीचा हात हलका यायचा कुठून?

दुखणं एकच होतं. मधल्या सप्तकातली डी नावाची पट्टी. हळुवार वाजवायची जागा आली की ती गळायची. एकतर आवाजच यायचा नाही, नाहीतर अडखळत दोनदा यायचा. मग पोरगी जोर लावायची आणि डी एकदम खेकसायची. बाई म्हणायच्या, बोटावर ताबा नाही. मी म्हणायचो, रियाज कर. ती काहीच म्हणायची नाही.

पियानो निपाणीजवळच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या जुन्या वाड्यातला. उभा, काळपट लाकडाचा, पुढच्या फळीवर लंडनच्या कुठल्याशा दुकानाचं नाव, त्यातली निम्मी सोनेरी अक्षरं उडालेली. हल्ली 88 पट्ट्या असतात, याला 85. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरापर्यंत टेम्पो आला, पण पुढच्या चार पायऱ्यांसाठी तालमीतली आठ पोरं बोलवावी लागली. त्यातला एक पाठ धरून म्हणाला, "काका, हिच्यापरास म्हस बरी. निदान स्वतःच्या पायानं चालती तरी."

ट्यूनर बेळगावचे. वय सत्तरीच्या पुढं. कॉन्व्हेंटांचे आणि चर्चचे पियानो सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. जुलैत फोन केला तेव्हा म्हणाले, "आता येऊन काय करू? तुमच्याकडं पाऊस कसला पडतो मला ठाऊक आहे. लाकूड पाणी प्यालेलं असतं. दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि एका सकाळी ते लाल डब्यानं उतरले. हातात डॉक्टरांची असते तशी बॅग.

मला वाटलं होतं, सूर लावतील, चहा घेतील, जातील. त्यांनी पाच मिनिटं सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "सूर उतरलेत, ते लावू. पण तुमचं दुखणं सुरांचं नाही. ॲक्शनचं आहे."

वरचं झाकण, पुढची फळी आणि पट्ट्यांवरचं झाकण काढून त्यांनी दहा मिनिटांत पियानो उघडा केला. आत मी पहिल्यांदाच बघत होतो. पेटी मी उघडून बघितलेली आहे, तिच्यात लपवण्यासारखं फारसं काही नाही. पट्टी दाबली की मागची झडप उचलली जाते, भात्यातली हवा सुरातून जाते, सूर बोलतो. पट्टी हळू दाबा नाहीतर थाडकन दाबा, पेटीला फरक पडत नाही. आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं. म्हणून पेटीवाल्याचा खरा हात डावा. उजवा नुसती वाट दाखवतो. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पियानोत प्रत्येक पट्टीमागं लाकूड, फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर, कातडं, स्प्रिंगा यांचं एक अख्खं खटलं असतं. तीच ॲक्शन. ट्यूनरकाकांनी मला जवळ बोलावलं. "ही सी दाबा. अगदी हळू. आवाज येऊ द्यायचा नाही."

मी दाबली. तारेपासून साधारण 45 मिलिमीटर लांब असलेली हातोडी डुलत डुलत निघाली. तारेजवळ गेली, जवळजवळ टेकली, आणि 3 मिलिमीटर उरले असताना मागं पडली.

"ही पण बिघडलीय," मी म्हणालो.

काका हसले. "हीच बरोबर आहे. आता डी दाबा."

डीची हातोडी तशीच निघाली, तारेजवळ गेली आणि तिथंच थांबली. पट्टी तळाला टेकली तरी हातोडी मागं पडेना.

या मागं पडण्यातच पियानोचं सगळं गुपित आहे, हे मला समजायला सकाळ गेली. पट्टी जॅक नावाच्या एका छोट्या लाकडी तुकड्याला उचलते आणि जॅक हातोडीला ढकलतो. पण शेवटपर्यंत ढकलत नाही. तारेच्या अगदी अलीकडं तो हातोडीखालून सटकतो. तिथून पुढं हातोडी आपल्या वेगानं जाते, तारेवर आदळते आणि परत येते. गोफणीतून दगड सुटल्यावर शेतकऱ्याचा हात त्या दगडाला काही करू शकत नाही, तसं. तारेला हातोडी लागते त्या क्षणी माझं बोट आणि ती हातोडी यांच्यात कसलाही संबंध उरलेला नसतो.

आणि तो नसावाच लागतो. भजनात नवीन पोरगं टाळ वाजवतं तेव्हा टाळावर टाळ आपटून चिकटवूनच ठेवतं. "चक्" असा मेलेला आवाज येतो. टाळ लागला की लगेच सुटला पाहिजे, तर तो गातो. हातोडी तारेला चिकटून राहिली तर तारेचं तेच होईल. सटकण्याची ही युक्ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं 1700च्या आसपास बसवली. त्याच्या हातचा 1720 सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात अजून आहे. इकडं राजाराम महाराज गेले आणि ताराराणींनी कारभार हाती घेतला तो हाच सुमार. ताराराणींच्या पुतळ्याच्या कावळा नाक्यावरून जाताना आता मला उगाचच हातोडी आठवते.

काकांनी ॲक्शन पियानोतून उचलून लाकडी घोड्यांवर ठेवली आणि एकेक पट्टी काढायला घेतली. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला असतो, तरी मी त्या क्रमानं गादीवर मांडल्या. खाली ऐंशी वर्षांची धूळ, दोन आकडे, पेन्सिलीचा तुकडा, वाळलेली सुपारी. डीची पट्टी उचलली आणि काका थांबले. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली एक खिळा असतो, त्याच्यात फेल्टची चकती घातलेली. पट्टी दाबली की या चकतीवर येऊन टेकते. चकतीच्या खाली, त्याच खिळ्यात, भोकाचा पैसा होता.

तांब्याचा, मुकुटाचं चित्र असलेला, 1944 सालचा. आजीच्या करदोट्यात असायचा तसला. कुणीतरी कधीतरी, डी जरा जास्तच खोल जाते असं वाटून, कागदी चकतीऐवजी तो सरकवून दिला असणार. भोक आयतंच होतं.

पट्टीची सगळी चाल 10 मिलिमीटरची. जॅक सटकतो तो या चालीच्या अगदी शेवटाला, आणि त्यानंतर जेमतेम 1 मिलिमीटर उरतो. पैशानं नेमका तेवढाच गिळला होता. जोरात वाजवलं की हातोडी आपल्या रेट्यानं उडायची आणि काम भागायचं. हळू वाजवलं की जॅक सटकण्याआधीच पट्टी तळाला टेकायची. हातोडी सुटायची नाही, तारेला कशीबशी शिवून जॅकवर पडायची, उसळून पुन्हा लागायची. हेच ते अडखळणं. लेकीनं नकळत यावर उपाय शोधला होता. डी आली की ठोकायची.

बायको दारात उभी होती. "सहा महिने पोरीला बोलत होतासा न्हवं?" एवढंच म्हणाली. पोरगी शाळेत होती, तेवढं बरं.

पैसा निघाला म्हणजे संपलं असं मला वाटलं. काका म्हणाले, आता तर सुरुवात. एक पट्टी बरोबर झाली तर बाकीच्या 84 तिच्यासारख्या नको का व्हायला? पुढचे दोन दिवस जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही, बराचसा वेळ एकच स्क्रू 85 वेळा पाव फेरा फिरवण्यात गेला. पण दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे वजन. पट्टी खाली जायला किती भार लागतो हे मोजतात. उजवं पेडल दाबून तारांना गप्प करणारे डॅम्पर बाजूला करायचे, पट्टीच्या पुढच्या कडेवर वजन ठेवायचं आणि ती सावकाश खाली जाते का बघायचं. मधल्या पट्ट्यांना 50 ग्रॅमच्या आसपास लागावेत. काकांची वजनं बेळगावला राहिली होती. मी गुजरीत शाळेतल्या मित्राकडं गेलो. त्याच्या वडिलांच्या तराजूची पितळी वजनं कपाटात पडून होती. तो म्हणाला, "पियानोला सोनं मोजायची वजनं? लई भारी. ने की." मोजून बघितलं तर काही पट्ट्यांना 45, काहींना 60, आणि एकीला चक्क 75. ही गडबड काही पट्टीत तोलासाठी घालतात त्या शिशाची नव्हती. पट्टी ज्या खिळ्यांवर हलते तिथल्या भोकांना आतून लोकरी कापडाचं अस्तर असतं. पावसाळ्यात ते फुगतं, पुन्हा वाळतं, पण कुठं कुठं आवळून बसतं. काका एका खास पकडीनं ते हलकेच दाबत गेले. हातोड्यांच्या बिजागरीतल्या पिनाही अशाच कुठं घट्ट, कुठं ढिल्या होत्या.

शेजारच्या दोन पट्ट्यांत 15 ग्रॅमचा फरक असला तर बोटानं काय करावं? ते एकच इच्छा घेऊन दोन्हीकडं जातं आणि दोन वेगळे वेग बाहेर पडतात. ऐकणारा म्हणतो, वाजवणाऱ्याचा हात असमान.

दुसरी गोष्ट कातड्याची. हातोडीला परत खेचायला मदत करणारी एक कापडी पट्टी असते आणि तिच्या टोकाला कातड्याची जीभ. निम्म्याहून जास्त कुजल्या होत्या. काकांच्या बॅगेत साठ होत्या, त्या संपल्या. उरलेल्यांसाठी फीत घरातच मिळाली, कातडं आणायला मी चप्पल लाईनला गेलो. ओळखीच्या कारागिराला जुनी जीभ दाखवली. त्यानं ती बोटांत चोळली, दातात धरून बघितली. "बकऱ्याचं हाय. वेणीला वापरतो तसलंच, पर ह्ये तासून पातळ केलंय. कशाचं म्हणालासा?" पियानोचं म्हटल्यावर त्यानं मान वर केली. "वाजतंय काय त्यो?" मी म्हटलं, वाजतोय, पण एकदा वाजायच्या ठिकाणी दोनदा वाजतोय. त्यानं पैसे घेतले नाहीत. पंचवीस जिभा कापून दिल्या, एकसारख्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातोड्यांची पाळी आली. हातोडीचं डोकं म्हणजे लाकडावर आवळून बसवलेलं लोकरीचं जाड फेल्ट. इतक्या वर्षांत तारा आदळून आदळून त्याच्यात खोल खाचा पडल्या होत्या आणि खाचांतलं फेल्ट दबून दगड झालं होतं. मधलं सप्तक पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाजायचं ते यामुळं. काकांनी सँडपेपरनं वरचा थर काढून डोक्याला पुन्हा अंड्यासारखा आकार दिला. मग मुठीत तीन सुया बसवलेलं एक हत्यार घेतलं आणि फेल्टच्या खांद्यांत टोचायला लागले. पाचसहा टोचे, हातोडी जागेवर, वाजवून बघायचं, पुन्हा दोन टोचे. याला व्हॉइसिंग म्हणतात. सूर तोच, आवाजाचा पोत बदलत जातो. माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, तीच तार आधी पत्र्याची होती ती हळूहळू लाकडाची झाली.

फेल्टचा एक गुण त्यांनी सांगितला आणि माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला. कापसाच्या गादीवर सावकाश बसलं तर ती मऊ लागते. अंग टाकून आदळलं तर खालची फळी लागते. फेल्टचं तसंच. हळू गेलेली हातोडी तारेला मऊ भेटते, जरा जास्त वेळ टेकून राहते आणि तारेतली बारीक, उंच कंपनं पुसून टाकते. आवाज गोल येतो. वेगानं गेलेली हातोडी दबून कडक होते, लवकर उसळते आणि ती उंच कंपनं शिल्लक राहतात. आवाज नुसता मोठा होत नाही, उजळ होतो. मधल्या सप्तकात हे टेकणं दोनचार हजारांश सेकंदांचं असतं. म्हणजे पियानोत जोर आणि रंग वेगवेगळे मिळत नाहीत, जोडीनंच मिळतात.

पोरगी एव्हाना शाळेतून आली होती. तिनं लगेच विचारलं, "मग बाई म्हणतात तसं, तोच आवाज तेवढाच ठेवून बोटानं गोड करता येतो का?"

काकांनी उत्तर दिलं नाही. मागं खोडरबर असलेली पेन्सिल मागितली. आम्हा दोघांना भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि एकच पट्टी कधी बोटानं, कधी पेन्सिलीच्या लाकडी टोकानं वाजवायला लागले. आवाज कमीजास्त झाला की "हा नका धरू" म्हणून पुन्हा वाजवायचे. वीसपैकी पोरीनं पंधरा ओळखले, मी तेरा. मी खूश झालो. म्हटलं, बघा, बोट ते बोट.

मग त्यांनी पेन्सिल उलटी धरून खोडरबरानं तेच केलं. पोरगी अकरावर आली आणि मी नऊवर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. आधी आम्ही ओळखत होतो ते तारेच्या आवाजावरून नव्हतंच. पेन्सिल पट्टीवर टेकताना "टक्" व्हायचं, तारेच्या आवाजाच्या जरासं आधी. आम्ही ते पकडत होतो, फक्त ते पकडतोय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. याला शास्त्रीय प्रयोग म्हणायची माझी हिंमत नाही. मधेच तालमीतला भोंगा वाजत होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

पण त्या रात्री वाचत बसलो आणि कळलं की हा वाद शंभर वर्षं जुना आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला ओटो ऑर्टमन यांनी 1925 मध्ये पट्टीच्या हालचालीच्या नोंदी घेऊन हेच मांडलं, की बोट काहीही करो, तारेपर्यंत पोचतो तो हातोडीचा वेग. आणि ज्याची मला खरी गंमत वाटली ते म्हणजे आपले सी. व्ही. रामन. कलकत्त्यात बसून त्यांनी भाबनाथ बॅनर्जींबरोबर पियानोची हातोडी तारेवर आदळते तेव्हा नेमकं काय होतं यावर शोधनिबंध लिहिला. 1920 मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. मृदंग-तबल्यावरचं त्यांचं काम मला ऐकून माहीत होतं. पियानोचं कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी काकांना हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते मिसरीचं बोट धुऊन येत होते. म्हणाले, "वेग एकच आहे हे खरं. पण तो एक वेग पाहिजे तेवढाच काढणं, दहा बोटांचे दहा वेगळे काढणं, त्यातलं एक गातंय असं वाटायला लावणं, यालाच हात म्हणतात. शिवाय टक्-टक् पण संगीतात धरायची. पट्टी तळाला आपटते तो आवाज पण. तुमच्या पखवाजात शाईचा नाद वेगळा आणि पंज्याची थाप वेगळी, ऐकणाऱ्याला दोन्ही मिळूनच पखवाज ना?"

यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

जाण्याआधी त्यांनी डावं पेडलही दाखवलं. पोरगी हळू वाजवायला सर्रास ते दाबून बसायची. मोठ्या, आडव्या पियानोत डावं पेडल सगळी ॲक्शन बाजूला सरकवतं, हातोडी तीनऐवजी दोन तारांना लागते आणि फेल्टचा न दबलेला भाग तारेवर येतो. तिथं रंग खरोखर बदलतो. आमच्या उभ्या पियानोत ते हातोड्यांना फक्त तारेजवळ आणून ठेवतं. धाव कमी, वेग कमी, एवढंच. वर जॅक आणि हातोडी यांच्यात पोकळी पडते ती वेगळी. "कुबडी आहे ही," काका म्हणाले. "पाय बरा झाला, आता टाकून द्या."

काम संपल्यावर पोरीनं तोच तुकडा वाजवला. डी आली आणि गेली. मला कळलंच नाही कधी आली. पण पुढची आठ-दहा मिनिटं ती वाईट वाजवत होती, कारण सवयीनं डीवर जोर पडायचा आणि आता ती ओरडायची. ती खोड जायला जानेवारी उजाडला.

मी स्वतः बसलो तेव्हा फजिती वेगळीच. पेटीवाल्याचं बोट पट्टी दाबून झाल्यावर काम सुरू करतं. सूर धरायचा, भात्यानं फुलवायचा. पियानोवर मी पट्टी दाबून धरायचो, आणखी दाबायचो, अंगठा पांढरा पडायचा, आणि आवाज आपला शांतपणे विरून जायचा. जे काही सांगायचंय ते त्या 10 मिलिमीटरांत सांगून मोकळं व्हायचं. मी अजूनही पट्टी तळाला टेकल्यावर रेटतो. पोरगी हसते. हळू वाजवताना पट्टी खाली जायला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो, जोरात वाजवताना त्याच्या पाच-सहापट कमी, आणि तेवढ्यात काय ते ठरवायचं. आलापीत वाढलेल्या माणसाला हे जरा घाईचंच वाटतं.

खर्च सगळा मिळून साडेतेवीस हजार झाला. बायकोला मी अठरा सांगितलाय.

ऑनलाइनच्या बाईंना पैशाचा फोटो पाठवला. त्यांना हसू आलं, "सॉरी" म्हणाल्या, आणि पुढच्याच तासाला पोरीला सांगत होत्या, मनगट सैल सोड, आवाज गोड येईल. मी दारामागून ऐकत होतो. रामन, ऑर्टमन, खोडरबर, सगळं तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तिनं मनगट सैल सोडलं आणि आवाज खरोखरच गोड आला. वेग कमी पडला असणार, दुसरं काय. मी काही बोललो नाही.